अनोळखी वादकाने पाहताक्षणी वाजवावं असं लिहा: जॅझवादक आणि संगीत संयोजक होऊ पाहणाऱ्यांसाठी

मी टेनर सॅक्सोफोन वाजवतो आणि इतरांना वाजवण्यासाठी लिहितो. सुरुवात पुण्यात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेटवर झाली. पुढे मुंबईत हॉटेलांत, गोव्यात हंगामात आणि मधली काही वर्षं जहाजावर वाजवलं. या धंद्यात शिरताना काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं, हे मला कुणी एका जागी बसवून सांगितलं नव्हतं. ते तुम्हाला सांगावं म्हणून हा लेख. गृहीत एवढंच धरतो की तुम्हाला एक वाद्य बऱ्यापैकी येतं आणि जॅझ मनापासून आवडतं.

## १. आधी कागद वाचायला शिका

आपल्याकडे कान तयार असतो, डोळा नसतो. चाल एकदा ऐकली की आपण वाजवतो, पण समोर पाच रेघांचा कागद आला की थांबतो. पोटापाण्याच्या कामात इथेच गाडी अडते.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याचे वादक एवढ्या मोठ्या संख्येने का आले, त्याचं उत्तर यातच आहे. पोर्तुगीज काळात गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ती मुलं मोठी होऊन मुंबईला आली, धोबीतलावच्या आसपास गावोगावच्या कुडांत (गोव्याच्या गावांनी मुंबईत चालवलेल्या वसतिगृहांत) राहिली, रात्री हॉटेलांत जॅझ वाजवू लागली आणि दिवसा रेकॉर्डिंगला जाऊ लागली. संगीतकार पेटीवर चाल सांगायचे. ती चाल वीस-तीस वादकांना एकाच वेळी वाजवता येईल अशी कागदावर उतरवायची तर लिहिणारा माणूस हवा. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांच्याकडे काम केलेले सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड ही त्या माणसांतली मोठी नावं. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे आपल्या सी. रामचंद्रांचे सहायक होते. भगवानदादांच्या 'अलबेला'मध्ये (१९५१) जो स्विंग, म्हणजे जॅझची झुलती लय, ऐकू येतो, त्यामागे हॉटेलात रात्री वाजवून तयार झालेले हात आहेत. ताजमहाल हॉटेलात मिकी कोरिया यांचा बँड जवळजवळ दोन दशकं होता. इतकी वर्षं, रोज रात्री. तेवढ्या सरावातून वाचन पक्कं होतं.

आता करायचं काय? रोज अर्धा तास नवा कागद वाचा. नवा म्हणजे आधी कधीही न पाहिलेला. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मंद लावा, चूक झाली तरी थांबू नका, पुढच्या मात्रेवर गाडी पकडा. थांबून दुरुस्त करण्याची सवय लागली तर बँडमध्ये बसता येत नाही, कारण बँड तुमच्यासाठी थांबत नाही. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या लंडनच्या संस्थांच्या ग्रेड परीक्षा दिल्या तर शिस्त लागते. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे. पण परीक्षा पास झालो म्हणजे वाचन आलं असं समजू नका. परीक्षेचे तुकडे आपण महिनोन्‌महिने घोटलेले असतात.

## २. सामान

- तुमचं वाद्य, आणि ते दुरुस्त करणाऱ्या माणसाचा नंबर. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची.
- वाजवून मुरवलेल्या निदान चार रीड (सॅक्सोफोनच्या तोंडाला लावायच्या वेताच्या पट्ट्या). नवी कोरी रीड घेऊन कार्यक्रमाला जाऊ नका.
- घडीचा स्टँड, त्याला अडकवायचा दिवा, कपड्यांच्या क्लिपा. समुद्रकाठच्या कार्यक्रमात क्लिपांशिवाय कागद टिकत नाहीत.
- पेन्सिल आणि खोडरबर. दुसऱ्याच्या कागदावर पेनाने कधीही लिहू नका.
- स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर. म्यूझस्कोर फुकट आहे आणि सुरुवातीला पुरतं. सिबेलिअस आणि डोरिकोच्या पूर्ण आवृत्त्या विकत घ्याव्या लागतात. फिनाले नव्याने शिकू नका, २०२४ मध्ये कंपनीने ते बंद केलं.
- काळी पँट, काळा शर्ट, काळे बूट.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात सॅक्सोफोनचे पॅड फुगतात आणि चिकटतात. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, वाजवून झालं की आतून कापड फिरवा आणि लगेच पेटी बंद करू नका, थोडा वारा लागू द्या.

## ३. गाणी पाठ करा, कानाने उतरवा

जॅझमध्ये पाठ गाण्यांचा साठा हेच भांडवल. पहिल्या वर्षात ३० गाणी पुरेत, पण ती खरंच पाठ हवीत, म्हणजे चाल, कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) आणि घडण तिन्ही. घडणी मुख्यतः दोन आहेत. एक १२ बारांचा ब्लूज, बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक कप्पा. दुसरी ३२ बारांची, ८-८ बारांचे चार तुकडे, त्यात तिसरा वेगळा. मराठी माणसाला हे समजायला जड नाही: मुखडा, मुखडा, अंतरा, मुखडा.

स्विंगची चाल कागदावरून कळत नाही. एका मात्रेचे तीन भाग करा, पहिले दोन जोडून म्हणा आणि तिसरा सुटा. दादरा अंगात असेल त्याला हे लवकर साधतं. पण हे झालं ढोबळ गणित. लय जलद झाली की भाग सरळ होत जातात, आणि ते नेमकं किती हे जुन्या ध्वनिमुद्रणांबरोबर वाजवूनच अंगी येतं. एक सोलो (एकट्या वादकाचा तुकडा) निवडा, आधी गाऊन पाठ करा, मग वाद्यावर आणा, सगळ्यात शेवटी कागदावर लिहा. क्रम हाच ठेवा. आधी लिहून मग वाजवणाऱ्याला सूर मिळतात, श्वास मिळत नाही.

## ४. पट्ट्यांचं गणित: नवखे इथे हमखास अडकतात

आपला गायक म्हणतो, "माझी काळी एक." म्हणजे पेटीवरची पहिली काळी पट्टी हा त्याचा सा. पियानोवाल्याला कळलं. पण सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट ही पट्टी बदलून वाचणारी वाद्यं आहेत. त्यांच्या कागदावरचा सा आणि पियानोचा सा एक नसतो.

नियम असे. ट्रम्पेटला पियानोच्या स्वरापेक्षा एक पूर्ण स्वर वर लिहायचं. टेनर सॅक्सोफोनला तेच, पण आणखी एक सप्तक वर. आल्टो सॅक्सोफोनला मेजर सिक्स्थ वर, म्हणजे सा असेल तिथे शुद्ध धैवत. बॅरिटोन सॅक्सोफोनला आल्टोसारखंच, आणखी एक सप्तक वर. ट्रॉम्बोनला आहे तसंच, बास क्लेफमध्ये, म्हणजे खालच्या सुरांच्या खुणेत. गिटार आणि डबल बास लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजतात, त्यामुळे त्यांना एक सप्तक वर लिहा.

हे मी वहीत मराठी पट्ट्यांत मांडून ठेवलं आहे, तुम्हीही मांडा:

- पांढरी एक: टेनर आणि ट्रम्पेटला पांढरी दोन, आल्टोला पांढरी सहा.
- काळी एक: टेनर आणि ट्रम्पेटला काळी दोन, आल्टोला काळी पाच.
- काळी चार: टेनर आणि ट्रम्पेटला काळी पाच, आल्टोला पांढरी चार.
- पांढरी तीन: टेनर आणि ट्रम्पेटला काळी तीन, आल्टोला काळी एक.

शेवटची ओळ नीट बघा. गिटारवाल्याची सर्वांत लाडकी पट्टी पांढरी तीन. मेजर गाणं त्या पट्टीत असेल तर टेनरच्या कागदावर सहा शार्प (सूर अर्ध्या स्वराने चढवण्याच्या खुणा) येतात. माझी पहिली लिहिलेली रचना नेमकी याच पट्टीत होती आणि तालमीत दोन्ही सॅक्सोफोनवाले दुसऱ्या बारातच थांबले. दोघेही उत्तम वादक होते. मी त्यांना न विचारता लिहिलं होतं. गायकाला चालत असेल तर अर्धा स्वर इकडेतिकडे सरका, सगळ्यांचं भलं होतं. आपल्या गायक-गायिकांच्या काळ्या पट्ट्या फुंकवाद्यांना मात्र फार सोयीच्या पडतात.

आणखी एक सापळा. काळी एक म्हटलं की सॉफ्टवेअरमध्ये सी शार्प निवडू नका, डी फ्लॅट निवडा. सूर एकच, पण सी शार्प मेजर निवडलं तर पियानोला सात शार्प होतात आणि टेनरचा कागद वाचण्यापलीकडे जातो. डी फ्लॅटमध्ये टेनरला तीन फ्लॅट (सूर अर्ध्या स्वराने उतरवण्याच्या खुणा) येतात, आल्टोला दोन. आणि पट्टी म्हणजे फक्त सा, हे विसरू नका. गाणं मायनर असेल तर चिन्हं बदलतात.

## ५. पहिली रचना: तीन फुंकवाद्यं आणि साथीचे तिघे

पूर्ण बिग बँड १७ जणांचा: पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, आणि पियानो, गिटार, बास, ड्रम. त्याच्या मागे आताच लागू नका. ट्रम्पेट, टेनर आणि ट्रॉम्बोनसाठी लिहा. कामं याच आकाराची येतात.

पहिली पायरी: एका पानावर फक्त चाल आणि कॉर्ड लिहा. गायकाला तेवढ्यावर गाऊन बघायला सांगा. पट्टी आणि लय इथेच ठरवून घ्या, नंतर बदलली तर सगळं पुन्हा.

दुसरी पायरी: आराखडा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत चार मात्रांचा एक बार दोन सेकंद घेतो. म्हणजे ३२ बारांची एक फेरी ६४ सेकंद, आणि तीन मिनिटांत ९० बार. कुठे सुरुवात, कुठे गाणं, कुठे सोलो, कुठे सगळे मिळून, कुठे शेवट, हे आधी बारांच्या आकड्यांत मांडा. सूर लिहायला बसण्याची घाई करू नका.

तिसरी: कॉर्डचे हाडाचे सूर शोधा. ते असतात तिसरा आणि सातवा. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन ही जोडणी घ्या, सा पांढरी एक धरून. पहिल्या कॉर्डचे हाडाचे सूर म आणि सा. दुसऱ्याचे म आणि नी. तिसऱ्याचे ग आणि नी. प्रत्येक वेळी एक सूर जागच्या जागी राहतो, दुसरा अर्ध्या स्वराने उतरतो. टेनरला एक धागा द्या, ट्रॉम्बोनला दुसरा, वर ट्रम्पेटला चाल. बासवाला कॉर्डचा मूळ सूर वाजवतोच, तो पुन्हा कुणाला देऊ नका. एवढ्यावर रचना भरलेली वाटते. मी हे पहिल्यांदा लिहून ऐकलं तेव्हा तीन वाद्यांतून सहा वाद्यांचा भास झाला. त्या दिवसापासून लिहिण्याचं वेड लागलं.

चौथी: गायक गात असताना फुंकवाद्यांनी काय करायचं? बहुतेक वेळ गप्प बसायचं. ओळ संपून गायक श्वास घेतो तिथे दोन-तीन स्वरांचं उत्तर द्या. लांब स्वर धरला असेल तिथे मागून काउंटर, म्हणजे मूळ चालीला जोड देणारी दुसरी चाल, चालवा, पण वेगळ्या सप्तकात. सेबॅस्टियन डिसोझांच्या कामात व्हायोलिनचे काउंटर ऐका. शब्दाला धक्का न लावता गाण्याला आधार कसा द्यायचा, याची ती शाळाच आहे.

पाचवी: श्वास. ट्रम्पेटवाल्याचे ओठ दमतात. वरच्या सप्तकात सलग १६ बार लिहिले की पुढच्या गाण्यात तो उरत नाही. मध्ये मोकळे बार ठेवा. खालच्या बाजूला मात्र दाटी टाळा. ट्रॉम्बोन, पियानोचा डावा हात आणि बास एकाच जागी आले की सगळा चिखल होतो.

आपल्या रागांवरच्या चाली घेणार असाल तर एक सांगतो. भूप सोपा आहे, मेजरच्या कॉर्डवर सहज बसतो. मालकंसाला हात लावताना जपा. त्यात पंचम नाही, आणि सा वरची कुठलीही नेहमीची कॉर्ड वाजवली की पियानोवाला पंचम घालतोच. राग तिथेच संपला. म-ध-सा ही मायनर कॉर्ड आधाराला घ्या, किंवा ध-सा-ग ही मेजर. दोन्हींतले सगळे सूर मालकंसातले आहेत. आणि पियानोच्या कागदावर स्पष्ट लिहा: पंचम वर्ज्य. मराठीत लिहिलंत तरी चालेल, फक्त पियानोवाल्याला वाचता येतं याची खात्री करा.

## ६. कागद तयार करणं

नवे संयोजक सूर लिहिण्यात आठवडा घालवतात आणि प्रत्येक वाद्याचे कागद शेवटच्या रात्री छापतात. उलट करा. तुम्हाला पुन्हा बोलावणार की नाही, हे या कागदांवर ठरतं.

एका ओळीत चार बार. प्रत्येक नव्या भागावर चौकटीत ए, बी, सी अशी अक्षरं आणि ओळीच्या सुरुवातीला बारचा आकडा. सलग मोकळे बार एकाच खुणेत, वर आकडा. लांब शांततेनंतर प्रवेश असेल तर आधीच्या वाद्याचे दोन बार बारीक टाइपात दाखवा. पान उलटण्याच्या जागी वादकाचा हात मोकळा हवा. वाद्याचं नाव, गाण्याचं नाव, लय आणि पान क्रमांक प्रत्येक पानावर हवेत. ड्रमच्या कागदावर प्रत्येक ठोका लिहू नका. किती बार कशी चाल, आणि फुंकवाद्यांचे जोरकस ठोके कुठे, एवढंच द्या.

मग सगळे कागद जमिनीवर पसरा आणि प्रत्येक वाद्याचा कागद सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः गा. सॉफ्टवेअर वाजवून दाखवतं त्यावर भरवसा ठेवू नका. त्याला श्वास लागत नाही आणि पानही उलटावं लागत नाही. प्रत्येक कागदाची एक जादा प्रत पिशवीत ठेवा.

## ७. तालीम

दोन तासांच्या तालमीत पाच-सहा गाणी उरकायची असतात. अवघड गाणं आधी. चूक कागदाची असेल तर ताबडतोब कबूल करा, सूर सांगा, पुढे चला. एखाद्याला सगळ्यांसमोर सुनावू नका. वयाने मोठ्या वादकाला "अंकल" किंवा "सर" म्हणतात, आणि मोठ्यांनी सुचवलेला बदल आधी करून बघायचा, मग बोलायचं. माझे सर जुन्या बँडमधले ट्रॉम्बोनवादक. ते तालमीला नेहमी अर्धा तास आधी येऊन कागद नुसते वाचत बसत, वाद्य पेटीतच. मी विचारलं तेव्हा म्हणाले, वाद्य बाहेर काढलं की डोळे आळशी होतात.

## ८. सुपारी, बिदागी आणि कागदपत्रं

हॉटेल, लग्न, कंपन्यांचे समारंभ, रेकॉर्डिंग, शिकवणी आणि लिहिणं या सगळ्यांची मिळून कमाई होते. फक्त मैफिलींवर घर चालवणारे फार थोडे. गोव्याचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. पावसाळ्यात सगळीकडेच मंदी, म्हणून शिकवणी आणि लिहिण्याची कामं त्या चार महिन्यांसाठी राखून ठेवा. ३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन असतो. त्याच्या कार्यक्रमांसाठी विचारायचं तर फेब्रुवारीतच विचारा.

सुपारी घेताना व्हॉट्सॲपवर का होईना, हे लिहून घ्या: तारीख, जागा, पोचण्याची वेळ, किती सेट आणि किती मिनिटांचे, बिदागी किती, आगाऊ किती, उरलेली कधी, जेवण, प्रवास, ध्वनियंत्रणा कोणाची, कार्यक्रम रद्द झाला तर काय. उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर रात्री १० नंतर ध्वनिवर्धक बंद करावा लागतो, त्यामुळे उशीर आयोजकाकडून झाला तरी बिदागी पूर्ण, हेही लिहा. मी एकदा नुसत्या शब्दावर तीन महिने एका ठिकाणी वाजवलं. व्यवस्थापक बदलला, नवा म्हणाला मला काही माहीत नाही. शेवटच्या महिन्याचे पैसे आलेच नाहीत, आणि बाकी वादकांना मी माझ्या खिशातून दिले.

लिहिण्याच्या कामाचा दर वाजवण्याच्या दरात मिसळू नका. रचना, प्रत्येक वाद्याचे कागद आणि तालीम घेणं ही तीन कामं आहेत, बिलात तीन ओळी करा. "चार बदल करून द्या ना" याला अंत नसतो. दोन वेळा बदल मोफत, पुढे दर, असं आधीच सांगा.

तयार ठेवायची कागदपत्रं:

- पॅन, आधार, बँकेचा रद्द केलेला चेक.
- क्रमांक आणि तारीख असलेला बिलाचा नमुना.
- दोन ओळींचा परिचय, एक चांगला फोटो, तीन मिनिटांचं थेट वादनाचं चित्रण. स्टुडिओतलं चकचकीत नको, समोर लोक बसलेले असलेलं हवं.
- मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट.

कंपन्या आणि मोठी हॉटेलं व्यावसायिक मानधनातून साधारण १० टक्के टीडीएस कापतात. तो तुमच्याच नावावर जमा झाला का, हे प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर दर तिमाहीला बघा आणि विवरणपत्र भरा, नाहीतर परत मिळणारे पैसे तिथेच राहतात. वर्षाची एकूण जमा २० लाखांच्या पुढे गेली तर जीएसटी नोंदणी लागते. पाकिटातून मिळालेली रोख रक्कमही वहीत लिहा. पुढे गृहकर्ज काढायला गेलात की याची किंमत कळेल.

## ९. लिहिलेलं कोणाचं?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात दुसऱ्याच्या चालीचं संगीत संयोजन करणं हे रूपांतर मानलं आहे आणि त्यासाठी चालीच्या मालकाची परवानगी लागते. संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हा हक्क टिकतो. स्वतःच्या चाली असतील तर आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासद व्हा. हक्क लिहून देताना करारात मुदत आणि प्रदेश लिहा. लिहिलं नाही तर कायदा मुदत ५ वर्षं आणि प्रदेश भारत एवढाच धरतो. म्हणून समोरचा "कायमचे आणि जगभरासाठी" असं घालू पाहतो. ते शब्द दिसले की मानधनाचा आकडा पुन्हा बोला.

श्रेयाचंही आधीच ठरवा: "संगीत संयोजन" या शब्दांखाली तुमचं नाव. जुन्या चित्रपटांत कितीतरी संयोजकांची नावं पडद्यावर आलीच नाहीत, आली तर सहायक म्हणून. ज्यांच्या काउंटरवर आपण लहानपणापासून डोलतो ती माणसं श्रोत्यांना ठाऊक नाहीत, याचं मला अजूनही वाईट वाटतं.

## १०. जहाजावर जायचं असेल तर

वाचन पक्कं असेल तर प्रवासी जहाजांवरचं काम नवख्याला उत्तम. राहणं-खाणं कंपनीचं, दर आठवड्याला नवे गायक आणि त्यांचे नवे कागद. चाचणीत मुख्यतः पाहताक्षणी वाचनच बघतात.

लागतं ते असं: पासपोर्ट, खलाशांचं सीडीसी (समुद्रावरच्या नोकरीच्या नोंदीचं) पुस्तक, एसटीसीडब्ल्यू या खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारानुसारचं प्राथमिक सुरक्षा प्रशिक्षण, मान्यताप्राप्त डॉक्टरांची वैद्यकीय तपासणी, आणि अमेरिकेची बंदरं असतील तर सी-वन-डी हा खलाशांचा व्हिसा. नेमकी यादी कंपनीकडून लेखी मागवा, आधीच पैसे घालून बसू नका.

एजंट निवडताना डीजी शिपिंगचा (केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाचा) आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना आहे का ते त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत, असा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार आहे आणि भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला आहे. पासपोर्ट, सीडीसी आणि वैद्यकीय तपासणी यांचा खर्च तुमचा असू शकतो. "सीट पक्की करायला" म्हणून कुणी रक्कम मागितली तर तिथून उठा.

जाताना दोन पेट्या रीड जास्त न्या आणि वाद्याचं बिल जवळ ठेवा, कस्टममध्ये विचारतात. वाद्य विमानात हातात न्यायला मिळेल का हे तिकीट काढायच्या आधी विचारा. टेनरची पेटी पुष्कळदा मापात बसत नाही, आणि खाली सामानात टाकलेल्या सॅक्सोफोनची मान वाकून येते. मान वेगळी काढून, मोज्यात गुंडाळून, खांद्यावरच्या पिशवीत घ्या.